बिनदोऱ्याची टीप

"मध्येच टीप गाळते ही. आता हिच्यावर भरवसा नाही."

घाटकोपरच्या बाजारातल्या शिलाई मशीनच्या दुकानात दुकानदारकाका आत्याला सांगत होते. मी दाराशीच होते, चपला काढाव्यात की नाही अशा माझ्या नेहमीच्या संकोचात. ते आमच्या मशीनविषयी बोलताहेत हे ठाऊक असूनही क्षणभर वाटलं, काका आत्याविषयीच सांगताहेत. सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेल्या त्या काळ्या मशीनवर आत्याचा हात होता, तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. दुकानभर मशीनच्या तेलाचा वास भरलेला… आणि त्या वासासरशी मी पुन्हा सात वर्षांची झाले.

तेव्हा आम्ही डोंगरउतारावरच्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, आणि खिडकीखाली आत्याचं पायमशीन. शाळेतून आले की टाय सैल करून मी मशीनशेजारी जमिनीवर पसरायचे. गार फरशी पाठीला लागायची, वर पत्रा तापून कुरकुरत असायचा आणि डोक्याशी आत्याची पावलं मशीनखालचा पायटा हलवीत असायची — खडखड, खडखड, मग एक विसावा, मग पुन्हा खडखड. ट्रंकेतून काढलेल्या जुन्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास यायचा. आईच्या विटलेल्या सुती साड्या, बाबांच्या लुंग्या, आणि आस्तराला दर वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत नेसून नेसून मऊ झालेली पांढरी साडी… त्या थरांची आत्या वाकळ शिवायची. चाळीतल्या इतर बायका गोधडी म्हणत. आत्या साताऱ्याकडचा शब्द सोडत नसे. इंग्रजी शाळेतल्या मला दोन्ही शब्द तितकेच परके आणि तितकेच उबदार वाटत.

माझ्या वाकळीत, बरोबर छातीवर येतील असे, चार पिवळे तुकडे होते. पिवळ्यावर बारीक लाल चेरी. झोप येईपर्यंत मी त्या चेरी बोटाने मोजायचे. एकदा विचारलं होतं, "आत्या, हा माझा फ्रॉक होता?"

"नाही गं. असाच एक."

आत्या एवढंच म्हणाली आणि पायटा जोरात हलवू लागली.

एका दुपारी नळावर शेजारच्या राणेकाकू आईला हळू आवाजात सांगत होत्या, "दुपारभर मशिनीर बसान टिपां गाळता बिचारी." आईने माझ्याकडे पाहून त्यांना खुणेनेच गप्प केलं. पण मी ऐकलं होतं. माझं मराठी तेव्हा फक्त कानांचं होतं, वहीतलं नव्हतं. टीप म्हणजे मशीनची शिलाई, हे मला आत्यामुळे ठाऊक होतं. टिपं म्हणजे आसवं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी धावत घरी गेले आणि मोठ्या माणसासारखा सल्ला दिला, "आत्या, तुझं मशीन टिपं गाळतं म्हणे. सगळ्यांना कळलंय. रिपेअर कर ना."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हो बाई. तेल घालते हं."

आणि तिने खरंच तेल घातलं. एकेका भोकात एकेक थेंब, घाई न करता. मला वाटलं, चला, आपण एक काम केलं.

त्यानंतरची एक दुपार मात्र मला आजही सोडत नाही. परीक्षेमुळे शाळा लवकर सुटली होती. बाहेरून मशीनचा आवाज येत होता, अखंड, विसाव्याशिवाय. मी आत डोकावले. आत्याची पाठ माझ्याकडे होती आणि खांदे थरथरत होते. मला वाटलं, मशीनमुळेच. पण वरच्या खिळीवर दोऱ्याचं रीळच नव्हतं. सुई रिकामी खाली-वर होत होती आणि कापड पुढे सरकत होतं. मी आल्या पावली बाहेर गेले आणि चाळीच्या पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी तो कपडा उचलून उजेडात धरला, तर त्यावर नुसत्या भोकांची सरळ ओळ होती. दोरा नाही, काही नाही. कुणीतरी चालत गेल्यासारखी ओळ. मी कपडा घडी करून होता तिथे ठेवला. कुणालाही सांगितलं नाही.

पुढे सहावीत मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं : टिपे गाळणे — रडणे. वाक्यात उपयोग करा. वर्गात पंखा फिरत होता, मुली भराभर लिहीत होत्या, आणि माझ्या हातातलं पेन जिथल्या तिथे राहिलं. त्या एका ओळीत राणेकाकू, आत्याची लांबलेली नजर, बिनदोऱ्याची ती सुई आणि तिचा तो अखंड आवाज, सगळं एकदम उलगडलं. मी ती जागा कोरी सोडली.

त्याच सुट्टीत मी धीर करून आईला विचारलं. आईने भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं की आत्याला एक मुलगी होती, माझ्याहून वर्षाने मोठी. तापाचं निमित्त झालं आणि गेली. मग सासरीही तिचं कुणी राहिलं नाही आणि ती आमच्याकडे आली. "तिच्यापुढे विषय काढायचा नाही, कळलं ना?" आई म्हणाली. मला कळलं. आमच्या घरात सगळ्यांनाच ते फार चांगलं कळलेलं होतं. त्या मुलीच्या फ्रॉकखाली मी लहानाची मोठी झाले, पण तिचं नाव मी कधी ऐकलं नाही.

आता आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी वाकळ मध्यावर विरली, म्हणून यंदा आत्याने ते चार पिवळे तुकडे उसवून नव्या वाकळीवर मांडले. दोन शिवून झाले आणि मशीनने दगा दिला. उरलेले दोन टाचण्यांवर अडकून आहेत. आत्याचे गुडघे दुखतात, तिचे डोळे अधू होत चाललेत. ही वाकळ राहिली तर राहिलीच, हे आम्ही दोघीही न बोलता जाणतो.

"मावशी, शोक करू नका, इकडे बघा ना," काका म्हणाले.

माझ्या पगारात बसतील अशी तीनच मशिनं होती. पहिलं पांढरं, प्लॅस्टिकचं, फुलापानांचे टाके काढणारं. आत्याने पिशवीतून साडीच्या पाच थरांचा तुकडा काढला, तो त्याच्या कापड दाबणाऱ्या पायाखाली जाईच ना. "हे रुमालाला बरं," आत्या म्हणाली. दुसरं मोटरवालं. त्याने पाचही थर लोण्यासारखे शिवले. मी मनात तेच पक्कं केलं. गुडघ्यांना त्रास नाही, घरात जागा कमी लागेल. तिसरं कोपऱ्यात होतं, कुणीतरी वापरून विकलेलं, लोखंडी, आमच्यासारखंच काळं.

"मोटरवालं झकास आहे," काका रंगात आले. "आवाज म्हणून नाही! बाजूला तान्हं पोर झोपलं ना, तरी उठणार नाही."

आत्याचा हात शिवलेल्या तुकड्यावर थांबला.

"अजिबात आवाज नाही?" तिने विचारलं.

"अजिबात."

"मग नको."

काका हसले. "काय मावशी! लोक माझ्याशी भांडतात, आवाज करते म्हणून. तुम्ही पहिल्याच!"

आत्याही कसंनुसं हसली. कोपऱ्यातल्या लोखंडी मशीनशी गेली, स्टुलावर टेकली आणि दोरा ओवण्याआधी नुसताच पायटा हलवून पाहिला. खडखड, खडखड… त्या आवाजात डोंगरावरची ती खोली तशीच होती, खिडकीसह, तापल्या पत्र्यासह, त्या कधी न उच्चारलेल्या नावासह. आत्याची पाठ माझ्याकडे होती. तेव्हाही अशीच होती, आणि तेव्हा मी पायरीवर जाऊन बसले होते.

या वेळी मी चपला दाराशी काढल्या, आत गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पायटा थांबला.

"हेच घेऊ," मी म्हणाले. "पण आत्या… तिचं नाव काय होतं गं?"