तीन वाट्या दह्याचा प्रवास

भोपाळहून पुण्याला विमानाने जेमतेम दीड-दोन तास लागतात. मला वर तीन वाट्या दही लागलं.

मेव्हण्याच्या मुलीचं, ऋचाचं, लग्न होतं. मुहूर्त सकाळचा, म्हणून आम्ही आदल्या दिवशी निघणार होतो. माझ्याकडे एकच काम होतं, तेही मीच अंगावर ओढून घेतलेलं: मंगलाष्टकं म्हणणं. अकरा कडवी मी स्वतः रचली होती. (भोपाळचे तलाव दोनच कडव्यांत बसवले, हा माझा संयम!) महिनाभर गळा जपत होतो. थंड पाणी बंद, लोणचं बंद, ऑफिसात साहेबांशी वाद बंद.

सकाळी बाग सेवनियातल्या घरून निघताना आईने वाटीभर दहीसाखर पुढे केलं. गुडघ्यांमुळे ती येणार नव्हती.

"आई, माझा गळा..."

"शुभकार्याला निघालास ना? मग खा. आणि 'जातो' म्हणू नकोस, 'येतो' म्हण."

खाल्लं. येतो म्हणालो. विमानतळाच्या वाटेवर लालघाटीपर्यंत पोचलो आणि मोबाइलवर निरोप आला, विमान आता दुपारी एक वाजता सुटेल. म्हटल्याप्रमाणे आलो.

अकराला पुन्हा निघालो. पुन्हा वाटी!

"अगं, सकाळी खाल्लं की!"

"तो शकुन सकाळच्या विमानाचा होता."

या वेळी थेट विमानतळाच्या दारात निरोप आला: पाच वाजता.

"आता इथेच बसू या," माझी बायको विद्या म्हणाली.

"इतके तास? त्यापेक्षा घरी पेटीवर दोनदा तालीम होईल!"

तिने आकाशाकडे पाहिलं. तिथे विमान नव्हतं. टॅक्सीवाले भैया सकाळचेच होते. ते मागे वळून म्हणाले, "साहब, बुरा मत मानना, पर आप जा रहे हो कि आ रहे हो?"

तालीम झाली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. (ऊन होतं.) तिसऱ्यांदा निघालो तेव्हा आई दारात वाटी घेऊन उभीच. दही थेट फ्रिजमधलं, दात कळवळतील असं.

"आता मात्र 'जातो' म्हण रे बाबा," ती म्हणाली. "दही संपलं."

विमान आलं! आम्ही बसलो! आणि ते तासभर जागचं हललं नाही. माझ्या डोक्यावर गार हवेचा झोत सुरू होता. तो बंद करायला बटण फिरवलं, तर ते हातातच आलं. हवाईसुंदरीला दाखवलं.

"सर, अभी आप ही रख लीजिए," ती गोड हसून म्हणाली.

बटणाची ही गत, तर पंखांचं काय? विद्याने रामरक्षा सुरू केली. मीही करायला गेलो, तेव्हा कळलं की आपला आवाज बसला आहे.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला गेला. माइक माझ्या हातात आला. मी तोंड उघडलं आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं काहीतरी बाहेर पडलं. खरं सांगतो, रडू आलं. महिनाभराची मेहनत होती हो! गुरुजींनी माइक अलगद काढून घेतला आणि तीन कडव्यांत लग्न लावलं. मुहूर्त मिनिटभरही चुकला नाही.

मेव्हणा धावत माझ्याकडे आला. त्याचेही डोळे पाणावले होते. निदान एकाला तरी माझं दुःख कळलं, म्हणून मला आणखीच भरून आलं. त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"भाऊजी, ती विमान कंपनी कुठली, सांगून ठेवा. धाकटीच्या लग्नालाही तुमचं तिकीट त्यांचंच काढतो!"