चिंतामणी सरांचा उंचवटा

चिंतामणी सर आमच्या सोलापूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मी शेजारच्या खोलीत केमिस्ट्री. विजेचे आणि चुंबकाचे गुण एकाच अंगी असलेल्या स्फटिकावर लेसरचा प्रकाश टाकायचा, आणि विखरून येणाऱ्या प्रकाशावरून आतले अणू कसे थरथरतात ते ओळखायचं, हे त्यांचं एकमेव वेड. "अणू सोडा, आधी वेळेवर जेवा, पार वाळलात तुम्ही," असं मी म्हटलं की नुसते हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात आलेखावर त्यांना एक नवा उंचवटा दिसला. आजवर कुणाला न सापडलेलं कंपन. शोधनिबंध छापून आला आणि एरवी चहासुद्धा न पाजणाऱ्या या माणसानं स्टाफरूममध्ये पेढे वाटले. त्यांची विद्यार्थिनी पद्मजा जवळच्या मंद्रूप गावची. तिची पीएचडी त्या उंचवट्यावरच उभी होती.

मग सर दवाखान्यात गेले ते कॉलेजात परत आलेच नाहीत. पोटाचा कॅन्सर, शेवटचा टप्पा.

इकडे पद्मजानं लेसरचा जोर कमी करून पुन्हा मोजलं, तर उंचवटा गायब. स्फटिकावर दुसऱ्या जागी जोर वाढवला की हजर. म्हणजे नवं कंपन वगैरे काही नव्हतंच. लेसरनं स्फटिक तापत होता आणि तिथं गंजासारखं काहीतरी तयार होत होतं, त्याचा तो उंचवटा. पोरगी माझ्यापाशी येऊन रडली.

"सांगू नकोस त्यांना," मी चिडून म्हणालो. "सुखानं जाऊ दे माणसाला." माझं अजूनही तेच मत आहे.

तिनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माझ्यादेखत सरांच्या खाटेशी बसून तिनं मान खाली घालून सांगितलं, "सर, त्यो उंचवटा खरा न्हाय. लेसर लई जोरात होता. सॅम्पल जळत होतं."

"निबंध मागे घे," सर म्हणाले. "चूक माझी एकट्याची, असं कळव."

"पण प्रकाश मंद ठेवायचा, हे तुमीच शिकवलं की आमाला."

"मंद ठेवला की एकेका आलेखाला अख्खा दिवस जातो, पद्मजा. डॉक्टरांनी मला उंचवटा दिसायच्या आधीच्या दिवाळीतच आजाराचं सांगितलं होतं. तेवढे दिवस माझ्याकडे कुठे होते?"

पद्मजानं त्यांचा हात धरला. मला तिथं बसवेना.