गोव्याचं ते गेलं की!

"शकुंतलाबाई, चोपड्याच्या त्या उमेदवाराला फोन लावा. म्हणावं, आज इंटरव्ह्यूला येऊ नका."

डायरेक्टर सर लायब्ररीच्या दारात उभे होते. हातात मीच आदल्या दिवशी काढून दिलेला प्रिंटआउट.

"ती कधीचीच आलीय, सर," मी म्हटलं. "खाली कॅन्टीनमध्ये चहा पितेय. काय झालं?"

"काय झालं? हे बघा!" त्यांनी कागद माझ्या मेजावर आपटला. एका ओळीखाली लाल रेघ मारली होती. त्या ओळीच्या पुढे शब्द होता, रिट्रॅक्टेड.

ह्या शब्दाचा अर्थ आधी सांगते. संशोधक आपलं काम जर्नलमध्ये छापतो, त्याला पेपर म्हणतात. छापून झाल्यावर त्यात लबाडी किंवा मोठी चूक सापडली, तर जर्नल जाहीरपणे तो मागे घेतं. ते रिट्रॅक्शन. पेपरवर कायमचा शिक्का बसतो आणि लिहिणाऱ्याच्या कपाळावरही. ह्या पेपरात तर एकच फोटो दोन वेगवेगळ्या प्रयोगांचा म्हणून छापला होता. म्हणजे सरळ सरळ लबाडी.

मी पणजीतल्या एका संशोधन संस्थेत लायब्ररियन आहे. लोकांना वाटतं, मी पुस्तकांवरची धूळ झटकते. अहो, पुस्तकं कोण मागतो आता? माझं खरं काम संशोधकांचे पब्लिकेशन रेकॉर्ड तपासायचं. कोणी किती पेपर लिहिले, कुठे छापले, ते खरंच त्याचे आहेत का. आमच्याकडे कॅन्सर इम्युनोथेरपीची नवीन लॅब उघडायची होती आणि तिची प्रमुख निवडायची होती. अशी जागा अख्ख्या गोव्यात ती एकच.

उमेदवार डॉ. समिधा शेटगावकर. सासर पेडण्यातलं चोपडे, माहेर डिचोलीतलं लाटंबार्से. नोकरी बंगळुरूला, आणि पाच वर्षांची मुलगी चोपड्याला सासूजवळ. दर दोन महिन्यांनी घरी यायची आणि परत जाताना मुलगी झोपली की गुपचूप निघायची. ही जागा मिळाली तर ती रोज रात्री घरी जेवणार होती. नाही मिळाली तर पुन्हा बंगळुरू. हे तिनेच मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, अगदी हसत हसत. पण डोळे हसत नव्हते.

आणि तिचं काम! मी विज्ञानाची नव्हे, बी.ए. मराठीची. पण तिचे पेपर ओळीने लावले तेव्हा मलाही कळलं आणि अंगावर काटा आला. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. त्या बाहेरचा जंतू दिसला की मारतात. कॅन्सरची पेशी मात्र घरचेच कपडे घालून फिरते, म्हणून राखणदार तिला सोडून देतात. कधी ओळखतातही, पण लढून लढून दमतात आणि बसून राहतात. त्यांना पुन्हा उठवायचं, ती इम्युनोथेरपी. हिचा पहिला पेपर होता, राखणदार दमतात का. मधले पेपर, त्यांना दमवतं कोण. शेवटचे, त्यांना उठवायचं कसं. एकच प्रश्न धरून बसली होती बाई, घोरपडीसारखी!

तर अशा रेकॉर्डमध्ये हा काळा पेपर आला कुठून?

"लेखकाचं नाव काय लिहिलंय, सर?" मी विचारलं.

"व्ही. पोरोब."

आता इथे आमची गंमत आहे. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, तसं नावही बदलतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो. मी माहेरची शकुंतला, सासरची सुनेत्रा. पगार शकुंतलेला मिळतो आणि भांडी सुनेत्रा घासते. तशी ही लग्नाआधी वैशाली पोरोब होती. तिचे अर्धे पेपर एका नावाने, अर्धे दुसऱ्या नावाने. कॉम्प्युटरला वाटायचं, ह्या दोन बायका. आदल्या आठवड्यात तिच्या अर्जावरून ती दोन्ही नावं जोडली गेली, आणि कॉम्प्युटरने उदार मनाने जगातला आणखी एक व्ही. पोरोब तिच्या ओटीत घातला. निदान माझा तरी तसा संशय होता.

मी तिला वर बोलावलं आणि कागद दाखवला. तिने वाचला.

"हा माझा नाही, मॅडम. देवाशपथ."

"देव कमिटीवर नाही," सर म्हणाले. तसे माणूस वाईट नाहीत, पण घाबरले की तिरकस बोलतात. "हा पेपर घाटावरच्या ज्या शहरातल्या लॅबमधून आलाय, तिथे तुम्ही कधी होतात?"

"होते, सर. ट्रेनिंगला, सहा महिने. पण दुसऱ्या लॅबमध्ये."

सरांनी माझ्याकडे बघितलं. बघा, म्हणजे निघालंच काहीतरी, असं.

वैशालीने, मी तिला वैशालीच म्हणायचे, फोन काढून भराभर फोटो सरकवले. "हे बघा. माझं लग्न. मागच्या पडद्यावर तारीख लिहिलीय. हा पेपर त्याच्यानंतर आलाय. तेव्हा मी वैशाली नव्हतेच!" फोटोत तांदळाचं ताट होतं आणि त्यात अंगठीने काढलेली अक्षरं. समिधा. 'स' जरा वाकडा होता.

मी टाळीच वाजवली. "झालं की हो, सर!"

"काय झालं? लग्नानंतरही बायका माहेरच्या नावाने लिहितात. तुम्हीच नाही का लिहीत, शकुंतलाबाई?"

स्वतःच्याच नावाने मला तोंडघशी पाडलं.

"दुपारच्या जेवणानंतर कमिटी बसेल," सर म्हणाले. "बाहेरचे तज्ज्ञ आहेत. त्यांच्यासमोर हा कागद गेला तर हिचंही नाव जाईल आणि आपलंही. तोवर पुरावा दाखवा, नाहीतर अर्ज मागे घ्यायला सांगा."

मी मूळ पेपर उघडला. त्या जर्नलमध्ये सगळ्यांची आद्याक्षरंच छापतात. वरून खालपर्यंत चाळला, नुसतं व्ही. पोरोब. मुख्य लेखकाला मेल टाकली, ती तशीच परत आली, पत्ता बंद. आता? वैशाली खुर्चीच्या कडेवर बसून मंगळसूत्राचा एकच मणी फिरवत होती. मला तिचा राग येत होता, त्या जर्नलचा येत होता आणि तांदळाचा तर सर्वांत जास्त.

पेपरच्या पायथ्याशी लॅबचा लँडलाइन नंबर होता. लँडलाइन आजकाल उचलतो कोण? तरी लावला, आणि सरांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. वाजत राहिला, वाजत राहिला. मी ठेवणार, इतक्यात कोणीतरी उचलला.

"हां, बोला." आवाज तिथल्या शिपायाचा. बोलणं अस्सल कोल्हापूरकडचं.

"नमस्कार. तुमच्याकडे कोणी पोरोब कामाला होते का?"

"कोन, पोरोब व्हय? गोव्याचं? ते गेलं की कवाच!"



तुम्ही घाटावरचे असाल तर म्हणाल, त्यात काय एवढं? पण आमच्याकडे, पेडण्यात काय, डिचोलीत काय, मुलीला नपुंसकलिंगी बोलतात. तें चेडूं. तें आयलें, तें गेलें. बाप्याला कोणी चुकून तसं म्हणणार नाही. आम्हा तिघांच्याही कानाला 'ते गेलं' म्हणजे मुलगीच गेली!

सर खुर्चीतून अर्धे उठले. घाबरले की ते कोंकणीत शिरतात. "आयकलें? गेलें म्हणटा तो! चेडूंच तें!"

"मी नव्हे, मॅडम!" वैशाली रडायलाच लागली.

खोटं कशाला बोलू? क्षणभर वाटलं, सर म्हणतात ते खरं असेल तर? मग तिचे सगळे पेपर डोळ्यांपुढे आले. एवढी वर्षं एका प्रश्नाला चिकटलेली बाई फोटो चोरेल? छे! आणि तेवढ्यात आठवले आमच्या बिल्डिंगचं प्लास्टर करायला आलेले बेळगाव-कोल्हापूरकडचे गवंडी. मुकादमाला उद्देशून म्हणायचे, "आलं बघ ते बोंबलत." आणि मुकादम तर चांगला मिशाळ!

मी फोनवर ओरडलेच. "अहो भाऊ, ते म्हणजे कोण? बाई की बाप्या?"

"बाई?" तो माणूस खो खो हसायला लागला. "बाई कुठली, ताई? हितपत्तूर दाढी हाय त्येला! इनायक नाव त्येचं. लई गुनाचं पोरगं, पर त्या पेपराच्या भानगडीत सापडलं बिचारं."

विनायक! विनायक पोरोब! मी फोन तसाच मेजावर ठेवला आणि वैशालीला मिठी मारली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ऑफिसात उड्या मारल्या. सर म्हणाले, "शकुंतलाबाई, लायब्ररीत शांतता पाळा," पण स्वतःच दात काढत होते.

"तोंडी चालणार नाही, लेखी पाहिजे," हेही त्यांनी जोडलं. बरोबरच होतं.

शिपायाने विनायकचा मोबाइल नंबर शोधून दिला. फोन लावला तर गडी पेडण्याचाच, आता औषधांच्या कंपनीत कामाला. मी काय घडलं ते सांगितलं.

"हय मॅडम, तो पेपर म्हजोच," तो म्हणाला. मग मराठीत, सावकाश, "फोटो मी लावले नव्हते. पण वाचून बघायला हवं होतं, नाव माझं होतं. ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाऊन बसलं? त्यांना म्हणावं, माफ करा."

वैशालीने फोन घेतला. "तुम्ही कशाला माफी मागता?" एवढंच तिला बोलता आलं.

त्याने लगेच मेल पाठवली. पूर्ण नाव, कामाचा काळ, सगळं. ते पत्र जोडून मी रेकॉर्ड दुरुस्त करायला टाकलं, नवीन प्रिंटआउट काढला, आणि तो गरम गरम कागद घेऊन सर कमिटीकडे गेले. जेवण तिघांचंही राहिलं. कॅन्टीनवाल्याने वर पाव-भाजी पाठवली, ती वैशालीने नुसती चिवडली.

इंटरव्ह्यू लांबला. मी जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभी राहून कधी नव्हे ते गणपतीला नवस बोलत होते. शेवटी दार उघडलं. बाहेरून आलेले तज्ज्ञ आधी निघाले, तिच्या दमलेल्या राखणदारांवर आपसात वाद घालतच. मग सर आले.

"कधी रुजू होताय, डॉक्टर?"

तिने आधी चोपड्याला फोन लावला आणि मुलीला म्हणाली, "बाय गो, आई येतेय. आता रोज येणार." मुलीने विचारलं, "झोपल्यावर जाणार नाही ना?" वैशालीने फोन माझ्याकडे दिला, आणि मीच सांगितलं, "नाही गो, नाही जाणार."

मग लाटंबार्से. आई बहुतेक अंगणात काजू सोलत होती. बातमी ऐकून तिने फोन कानाजवळच ठेवून शेजारणीला अशी आरोळी ठोकली की सरांनाही ऐकू गेली:

"गो शेवंते, आयकलें गो? आमचें वैशू जिखलें!" म्हणजे, आमचं वैशू जिंकलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, आता नपुंसकलिंग चालेल."

नवीन लॅबच्या दारावरची पाटी मीच बनवून घेतली. डॉ. वैशाली पोरोब, समिधा शेटगावकर. रंगारी म्हणाला, दोघी बसणार काय हो ह्या खोलीत? सर म्हणाले, फार लांब झाली, आद्याक्षरं टाका. मी साफ नकार दिला. आद्याक्षराला ना दाढी असते, ना मंगळसूत्र. ते कुणाच्याही घरात शिरतं.