बाबांची चौथी ओळ

मंडळी, आज मी शहाणपणा करायला गेले आणि तोंडावर आपटले.

नेरळला आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, बाबा चालवतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर राइट क्लिक केलं की ही लांबलचक यादी उघडायची. काल मी त्यातल्या नको त्या ओळी काढून टाकल्या. म्हटलं, बाबांना सोपं पडेल.

आज सकाळी दुकानात गेले तर बाबा घामाघूम. समोर वाडीवरच्या एक ताई उभ्या, मुलीच्या हॉस्टेलचा फॉर्म छापायला आलेल्या. आणि भरलेल्या फॉर्मची फाइलच गायब!

"बाबा, दाबलंत काय तुम्ही?"

"चौथी ओळ. रोज चौथीच दाबतो ना गं! प्रिंट चौथीवर हाय."

चौथ्या ओळीवर आता डिलीट आलं होतं.

फाइल परत मिळवली, फॉर्म छापला, ताई हसत गेल्या. मी मात्र तिथेच बसून राहिले. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. इतकी वर्षं ते ओळी मोजून दुकान चालवतायत, आणि कॉम्प्युटर शिकलेल्या लेकीला पत्ताच नाही!

मग यादीत पहिलीच ओळ मराठीत घातली: 'छापा'. बाबांनी चष्मा सावरून ती मोठ्यानं वाचली. जाम खूश. मग हळूच म्हणाले, "पन चौथीवरच ठेव गं. बोटाला सवय हाय."

ठेवली चौथीवर.

तुमच्या घरी कोण असं मोजून मोजून निभावतंय? सोपं करून द्यायच्या आधी विचारा एकदा. मी नव्हतं विचारलं.