शुक्रवारी भूकंप येणार होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आई गेली, तिलाही नाही. आपला पोरगा मारामारी दिसली की रस्ता बदलतो, एवढंच तिला माहीत होतं. नांदेडात मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पोरांवर कधी हात उचलत नाही म्हणून पालक माझं कौतुक करतात. सर फार शांत आहेत, म्हणतात. शांत? मी माझा हात एकदा वापरून पाहिलेला आहे, म्हणून तो खिशात ठेवतो.

चौदा वर्षांचा असताना मी एक ब्लॉग काढला होता. हसू येईल तुम्हाला. यायलाच पाहिजे — इथवरचं हसण्यासारखंच आहे.

मला लोह्याहून लातूरला आणून टाकलं होतं, दहावीच्या आधीच. तेव्हा सगळेच टाकत होते. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात कॉटबेसिसवर पोरं. आमच्या सरांकडे हिरव्या नळीचा एक तुकडा होता, बागेला पाणी घालायची असते तसल्या नळीचा. दर शनिवारी टेस्ट. निकाल माइकवरून, शेवटच्या नंबरापासून वर. ज्याचं नाव आधी येई त्यानं उठून पुढे जायचं आणि पोटऱ्या दाखवायच्या. माझं नाव बहुतेक पहिल्या दहांत यायचं — खालून. मार खाताना रडायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी त्या वर्षी शिकलो. रागाचं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही.

क्लासच्या खालीच बालाजीदादाचं नेट कॅफे होतं. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे प्लायवूडच्या केबिनी. बालाजीदादा मूळचा औसा तालुक्यातला. भूकंपात त्याची आई आणि दोन बहिणी दगडी भिंतीखाली गेल्या. तो गणपती बुडवून आल्यावर पारावरच झोपला होता, म्हणून राहिला. हे त्यानंच मला सांगितलं होतं, लाइट गेलेली असताना, झेरॉक्सच्या मशीनला टेकून. बहिणीची वेणी आधी दिसली, म्हणाला, मग हातानं उकरलं. एवढं बोलून तो मेणबत्ती शोधायला उठला. मला तो फुकट बसू द्यायचा. लेकरू घरापासून लांब आहे म्हणायचा.

त्याच्याच केबिनीत बसून मी ब्लॉग सुरू केला. पेपरच्या पुरवणीत कृती आली होती, ती बघून. भूगोलाच्या पुस्तकातून ज्वालामुखी, भूगर्भ, असलं काहीबाही उतरवायचो आणि खाली लिहायचो, ‘भूगर्भ अभ्यासक, पुणे’. नाव नाही. कोपऱ्यात किती जणांनी वाचलं त्याचा आकडा असायचा, तो मी स्वतः उघडलं की वाढायचा. वाचणारा मीच होतो. पण ब्लॉगवर मला कुणी उठून पुढे ये म्हणत नव्हतं — कळतंय ना?

त्या पावसाळ्यात एकदा जमीन गुरगुरली. भांडी वाजली, बस तेवढंच. पण लातूर ते — लोक अंथरुणं घेऊन मैदानात गेले, क्लास दोन दिवस बंद राहिले आणि त्या शनिवारी टेस्ट झाली नाही. नळी नाही.

पुढच्या महिन्यात मला अख्खा एक धडा येत नव्हता. मंगळवारी मी ब्लॉगवर लिहिलं, येत्या शुक्रवारी संध्याकाळी लातूर परिसराला मोठा धक्का बसेल, नागरिकांनी पक्क्या इमारतींत थांबू नये. पुस्तकी शब्द भरपूर घातले. आणि जाताना ते पान मुद्दाम उघडं ठेवून गेलो. पुढच्या कुणी तरी वाचावं, चार पोरांनी घाबरून घरी जावं, टेस्ट रद्द व्हावी. एवढंच हवं होतं. पुढचा कोण असेल याचा मी विचार केला होता का? केला नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. कॉम्प्युटर बंद करायला रोज कोण येतं हे मला माहीत होतं.

बुधवारी बालाजीदादा माझी वाटच बघत होता.

“काल तू वाचत होतास ते खरं हाय का रे? पुण्याचा शास्त्रज्ञ हाय न्हवं? तू शिकतोस, तुला कळतंय. सांग.”

एक मोठा माणूस, हात झेरॉक्सच्या शाईनं काळे झालेले, आणि मला विचारत होता. मी लिहिलेलं त्यानं पाठ केलं होतं. तिथंच सांगायचं होतं. एक शब्द — नाही. पुरला असता.

मी “हाव” म्हणालो.

दोन दिवस त्यानं दुसरं काही केलं नाही. त्या पानाच्या प्रती काढल्या आणि वाटल्या. दूध डेअरीवर, बसस्टँडवर, आमच्या क्लासच्या जिन्याखाली. कुणाकडून काही घेतलं नाही. समोरचा पानवाला म्हणाला, “बालाजी, भूकंपाला बी आता क्लासवाणी टाइमटेबल लागलं का रे?” सगळे हसले. तो हसला नाही. मलाही त्यानं एक प्रत दिली आणि शुक्रवारी क्लासला जाऊ नको म्हणाला. मी ती घडी करून खिशात घातली.

शुक्रवारी क्लास झालाच. सरांनी माइकवरून चेष्टा केली, ज्याला मरायचं असेल त्यानं उद्याची टेस्ट देऊन मरावं म्हणाले. संध्याकाळी खाली एका ट्रकचा फाळका धाडकन पडला. बस. एक पोरगी किंचाळली आणि आम्ही सगळे एका जिन्यावर कोसळलो. मला माहीत होतं काही येणार नाही — जगात फक्त मला माहीत होतं — आणि तरी मी धावलो. कोपरं मारत धावलो. पायाखाली कुणाचा तरी हात आला, बोटं मोडल्याचं तळव्याला कळलं, मी थांबलो नाही. मग कठडा सुटला. माझ्या खोलीवरचा सुदाम, जळकोटचा, खाली फरशीवर पडला होता आणि त्याच्या मांडीतून हाड बाहेर आलं होतं. पांढरं. तो ओरडतही नव्हता, त्याकडे बघत होता. कुणी मेलं नाही. हे वाक्य मी किती वर्षं औषधासारखं घेतलंय.

शनिवारी टेस्ट झाली नाही.

सकाळी मी स्टँडजवळच्या दुसऱ्या कॅफेत गेलो आणि ब्लॉग पुसून टाकला. पान शिल्लक राहिलं नाही. दुपारी कॅफेपुढे गर्दी झाली — पालक, पोरं, सुदामचे वडील, सर. मीही गेलो. गेलो नसतो तर कुणी विचारलं असतं, म्हणून.

“अफवा तूच उठिवलीस न्हवं?” सुदामच्या वडिलांनी बालाजीदादाची गचांडी धरली.

“अप्पा, कॉम्प्युटरवर हाय. दाखवितो की.” तो दाखवायला बसला. पान येईना. त्यानं पुन्हा टाइप केलं. पुन्हा. मागून कुणीतरी त्याच्या डोक्यात चप्पल घातली. मग त्यानं मान वळवून गर्दीत मला शोधलं.

“लोह्याच्या, तू तरी सांग ह्यांना. तुझ्यासमोर होतं का न्हाई?”

सगळे माझ्याकडे वळले. सरही.

“मी काही बघितलं नाही,” मी म्हणालो.

“तू तर हितंच पडलेला असतोस की,” सुदामचे वडील म्हणाले. मला त्यांचे डोळे बदलताना दिसले.

पुढचं सरळ सांगतो. त्यांनी त्याला खुर्चीवरून ओढलं, कुणीतरी मागून त्याचा शर्ट डोक्यावर ओढला, त्यात त्याचे हात अडकले. तो आंधळ्यासारखा गोल फिरत होता आणि येईल तो मारत होता. प्लायवूड फुटलं, मशीनची काच फुटली. मी टेबलावरचा कीबोर्ड उपटला, वायरसकट. तेव्हाचे कीबोर्ड जड असायचे. दोन्ही हातांनी धरला आणि शर्टात जिथं तोंड असेल तिथं कडेनं घातला. मग पुन्हा घातला. पहिल्यांदा भीतीनं, हे मान्य. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा माझ्यावर कुणाचा संशय उरला नव्हता. सुदामचे वडील माझ्याकडे बघतही नव्हते. दुसऱ्यांदा मी मारलं कारण बरं वाटलं. वर्षभर पोटऱ्यांवर साठलेलं सगळं त्या हातात आलं आणि सुटलं. शर्टावर डाव्या बाजूला लाल डाग उमटला आणि पसरत गेला. कीबोर्डची बटणं फरशीवर पडली, काही माझ्या पायाशी.

डोळा गेला. पोलीस त्यालाच घेऊन गेले, अफवा पसरवली म्हणून. कॅफे पुन्हा उघडलं नाही. मी दहावी झालो, बारावी झालो, इंजिनियरिंग करून शिकवायला लागलो. ब्लॉगचं कुणी नावही काढलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या लग्नाला देवणीला गेलो होतो. स्टँडसमोर सरकी पेंडीच्या दुकानात एक माणूस गिऱ्हाइकाशी बोलताना सगळी मान फिरवत होता. मी ओळखलं आणि चालू लागलो. त्यानं हाक मारली.

“लोह्याचा ना तू?”

त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला, आई कशी आहे विचारलं. बायको इथलीच, म्हणाला, सासऱ्याचं दुकान आहे. मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

“त्या दिवशी तुला हाक मारली मी. चुकलंच माझं. लेकरू होतास, भिलास. मला शर्टातून काय दिसंना. तुला बी हाणलं असंल ना त्यांनी?”

“नाही,” मी म्हणालो. “मला नाही हाणलं.”

“मग बरं झालं,” तो म्हणाला. “त्या पुण्याच्या माणसाला बी कुणी दम दिला असंल. उगी नसतंय कुणी लिहिलेलं काढून टाकत. त्याचा मला राग न्हाई. त्यानं चांगल्यासाठीच लिहिलं होतं.”

मी चहा संपवला. खरंच संपवला, कप खाली ठेवला, लग्नाला उशीर होतोय म्हणालो आणि निघालो.

पुण्याचा तो माणूस मी होतो, आणि बालाजीदादाचा डोळा मी फोडला. या दोन गोष्टी त्याच्यासमोर बसून सांगायच्या, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून सांगितलेल्या नाहीत.