एका धवल्यात तीन साड्या

आत्यानं माझं लग्न लावलं तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. म्हणजे, लावलं की नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही.

आत्या धवलारीण. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाचे धवले गाणारी बाई. भटजी उशिरा आला तरी चालतं, ती आल्याशिवाय हळद लागत नाही. नव्वदीच्या मध्यावर मुंबईचे कॅसेटवाले पेणला आले, तिचा धवला रेकॉर्ड करून घेऊन गेले आणि महिन्याभरानं त्याचा व्हिडिओ काढायला परत आले. नवरदेव त्यांनी बरोबर आणला होता, चांगला गोरापान. नवरी म्हणून मला उभं केलं. मी तर हवेतच!

शूटिंग मिठागराच्या बांधावर. आधी काय काढावं? पाठवणी! का, तर बैलगाडी दुपारी परत द्यायची होती. हळद त्यानंतर. मधल्या मधे माझ्या तीन साड्या बदलून झाल्या. आत्या चक्रावली.

"काय गो, एका धवल्यात तीन साड्या? आनि आधी पाठवनी, मंग हलद?"

डायरेक्टर म्हणाला, "आजी, जोडताना सगळं सरळ होतं. गाण्याच्या व्हिडिओत असंच असतं."

कडवं बदललं की साडी बदलायचीच. नवरीनं बांधावरून धावायचंच, तेही हळूहळू. कोण मागे लागलंय म्हणून धावायचं, ते काही मला कळलं नाही. धावले आपली.

स्पीकरवर आवाज आत्याचा आणि ओठ हलवायचे मी. तिला ते सहन होईना. मुंडावळ्या बांधलेली पोर समोर, नि आपण गप्प बसायचं? कॅमेऱ्यामागून तीही गायला लागली, मोकळ्या गळ्यानं. धवल्यात नवरानवरीची नावं घ्यावी लागतात. माझं तिला ठाऊक, त्याचं तिनं चहाच्या वेळी विचारून घेतलेलं. सात टेक झाले, सातही वेळा तिनं आमची दोघांची नावं घेतली. संध्याकाळी नवरदेव जीन्स चढवून गाडीत बसला आणि गेला. आत्या रस्त्याकडे बघत राहिली.

तीन वर्षांनी मला रोह्याचं स्थळ आलं, ठरलं. आई सुपारी घेऊन आत्याकडे गेली, तर ती हात आखडून बसली.

"हिचा धवला मी गायलाय. एका पोरीला दोनदा कसा गाऊ?"

वडील भडकले. "अगं, ते नाटक होतं!"

"तुमचा आसंल," आत्या म्हणाली. "मी कवा नाटक केलाय?"

मला तिचा भयंकर राग आला. जन्मभर जगाच्या पोरींची लग्नं लावली, आणि माझ्याच वेळी हे सुचावं? शेवटी नवऱ्याकडच्यांनी रोह्याजवळच्या अष्टमी गावातून दुसरी बाई आणली. आत्या लग्नाला आली, पहिल्या रांगेत बसली, पण तोंडातून अक्षर नाही.

अक्षता पडल्या तशी ती उठली आणि माझ्या नवऱ्याचा हात धरून सगळ्यांदेखत म्हणाली, "जावयबापू, हिचा पयला लगीन झालाय. सांगितलाय ना तुमाला हिनं?"

नवरा खो खो हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. आत्या माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक.

"सांगितलंय गो आत्या," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिनं आमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.