भीमराजनं वाटलेला चुरा

बाभुळगावात कुणाच्या घरावर सिमेंटचे पत्रे चढवायचे असले की लोक भीमराजलाच बोलवायचे. कामाला चोख आणि मनाचा दिलदार माणूस. पत्रे कापताना पडणारा पांढरा चुरा तो पोत्यांत भरून घरी आणायचा आणि अंगणात पसरायचा. काळ्या मातीचा चिखल त्यानं दबून बसायचा. शेजाऱ्यांनाही पोती द्यायचा, आणि फुकट ते पौष्टिक हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. बघता बघता अर्ध्या मोहल्ल्याची अंगणं पांढरी झाली.

भीमराजचं अंगण रोज सकाळी झाडायची त्याची बायको सत्यशीला. तीस वर्षं झाडलं. यंदा तिला चार पावलांत धाप लागू लागली, छातीत पाणी झालं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे. पत्र्यातलं ॲस्बेस्टॉस श्वासावाटे आत जातं आणि तीस-चाळीस वर्षं गप्प बसून राहतं. आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, पण ती धूळ ज्याच्या छातीत गेली त्याला धोका आहेच. औषधानं त्रास कमी होईल, पुरतं बरं होणं अवघड. अंगण आता कोरडं झाडायचं नाही.

पत्रे कापणाऱ्या भीमराजला साधा खोकलाही नव्हता. त्याचीच त्याला लाज वाटत होती.

परतताना एसटीत तो हळूच म्हणाला, "गावात कोणाले सांगजो नोको वं. लोक मले काय म्हणतीन?"

सत्यशीलानं आधी दम घेतला. "अन् उद्या त्यायच्या घरी हेच निंघालं तं?"

दोघं घरापाशी पोचले.

शेजारची हंसाबाई आपलं अंगण झाडत होती. झाडूमागं उठलेली धूळ उन्हात चमकत होती आणि तिचा रांगता नातू त्या धुळीतूनच आजीकडं सरकत होता.

"आले का भाऊ? काय म्हणे डॉक्टर?" हंसाबाई हसून म्हणाली. "वयनी नव्हती तं तुमचंही आंगण मीच झाडून टाकलं सकाळी."

सत्यशीला नवऱ्याकडं बघत उभी राहिली. बोलण्याइतका श्वास तिच्यापाशी उरला नव्हता. तेवढ्यात पोरानं मुठीत चुरा घेतला आणि तोंडाकडं नेला.

"हंसाबाई!" भीमराज ओरडला. "फेक तो झाडू! लेकरू उचल पहिले! म्या तुमाले चुरा नाई, इख वाटलं वं, इख!"